दोन बोटं कमी पडलेला पडदा

आमच्या घरची एक रीत हाय. अनोळखी माणसाले ओट्यावर पाणी, ओळखीच्याले बैठकीत चहा, अन् घरच्या माणसाले सैपाकखोलीत चुलीजवळ भाकर. ही रीत कोणी शिकवली नाही, पण कोणी मोडतही नाही. माझा धाकटा भाऊ दोन वर्षं ओट्याच्या पुढं आला नव्हता.

कारण सांगायची लाज वाटते. मी सुतार, तो शिंपी. आमच्या मारेगावच्या चर्चचं दार मी सागवानाचं केलं, अन् पावसाळ्यात ते फुगलं. उपासना सुटल्यावर तो चारचौघांत म्हणाला, "दादाचं दार हाय, लाथ मारल्याबिगर उघडत नाही!" सगळे खदखदून हसले. मी त्या दिवसापासून बोलणं बंद केलं. दाराले रंधा मारून घेतला, पण माझ्या डोक्याले कोण मारणार?

यंदा पाळकसाहेबांनी पोरांना दाखवायले शलमोनाच्या मंदिराचा लाकडी नमुना करायले सांगितला. जुन्या इस्राएली लोकांचं ते मंदिर. त्यांनी कागदावर रेघा ओढून समजावलं. बाहेर अंगण, तिथं याजकांनी हातपाय धुवायचे, त्यासाठी पितळी गंगाळं. मंग पवित्रस्थान, तिथं दिवे अन् देवापुढं मांडलेल्या भाकरी. त्याच्या आत पडदा, अन् पडद्यामागं परमपवित्रस्थान. तिथं फक्त मुख्य याजक जाणार, तोही वर्षातून एकदा.

"साहेब, हे तं आमचंच घर झालं की! बाहेर पाणी, आत दिवा, भाकर," मी म्हणलं.

"मंग? देवाचं घरच ना ते," ते हसले. "जेवढं पाऊल आत, तेवढी जवळीक."

मले ते लय आवडलं. लय हौसेनं काम केलं. भाकरीचं मेज तं बोटाएवढं, तरी त्याले चारही पाय कोरले. पडद्यापाशी मात्र अडलो. निळा, जांभळा, किरमिजी रंग, त्यावर पंख पसरलेले देवदूत. असं भरतकाम आमच्यात एकच माणूस करते.

"जा ना, तोंडानं सांगा भाऊजीले," बायको म्हणाली.

"कायले? चिठ्ठी नेऊन दे."

चिठ्ठीत मी एवढंच लिहिलं: नऊ इंच रुंद, नऊ इंच उंच. ती खोली जेवढी रुंद तेवढीच उंच असते.

पडदा आला. देवदूत असे, की आता उडतात! पण लावून पाहिला तं बाजूनं एक बोट कमी, खालून दोन. माझं टाळकंच सटकलं. "मुद्दाम केलं त्यानं!" असा ओरडलो की बायकोनं त्याले बोलावूनच आणलं.

तो ओट्यावर उभा राहिला, गळ्यात टेप. माझ्याकडं पाहिलंही नाही. "वहिनी, दादाले विचारा, माप खोलीचं देल्लं का कापडाचं? मी नऊ इंच कापड कापलं, दुमड त्यातच गेली."

चूक माझीच होती. सुतार तयार वस्तूचं माप सांगते, शिंप्याले दुमडीचं जास्तीचं कापड सांगा लागते. तोंडानं बोललो असतो तं त्यानं पहिल्या झटक्यात विचारलं असतं.

"नवा शिवून देतो," तो वहिनीलेच म्हणाला अन् पायरी उतरायले लागला.

मी नमुन्याकडं पाहिलं. पडद्याखालच्या फटीतून आतली खोली दिसून राह्यली होती. येशूनं प्राण सोडला तवा मंदिरातला असाच पडदा वरून खालपर्यंत फाटला, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. देवाले माणूस बाहेर उभा राहिलेला पाहवला नाही. अन् मी? सख्ख्या भावाले दोन वर्षं ओट्यावर पाणी पाजून राह्यलो. माझीच मले शरम वाटली.

"अबे," मी म्हणलं. "राहू दे पडदा तसाच. चाल, भाकर खाऊ."

तो पायरीवरूनच मागं वळला. म्हणाला, "दार उघडते का, का लाथ मारू?"

मी हसलो, अन् डोळ्यांतून पाणी कवा आलं ते समजलंच नाही. त्यानं चपला काढल्या, बादलीतल्या पाण्यानं हातपाय धुतले. बैठक ओलांडून आम्ही सैपाकखोलीत गेलो. तिथं ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी शिजत होती, अन् चुलीजवळ बायकोनं दोन पाट आधीच मांडून ठेवले होते.