जिंकलं की आईला बोलावतात

माझ्या पोरीला कॅरम मी शिकवलं. लग्नाआधी फुलसावंगीजवळच्या आमच्या बंजारा तांड्यावर दुपारी बायांचा डाव बसायचा, आणि तिथं मला हरवणारी कोणी नव्हती, हे मी अजून आल्यागेल्याला सांगते. म्हणून यंदा जिल्ह्याच्या फायनलला पोरीनं काय केलं ते मला बसल्या जागी कळलं. शेवटची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी होती, फुंकर मारली तरी पडली असती. तिनं स्ट्रायकर असा सोडला की तो सोंगटीला न शिवताच गेला. समोरचीनं डाव संपवला. आमची पोरगी दुसरी आली आणि चक्क हसत उठली.

वर्षभर तिचं हेच चाललं होतं. मी चिडून बसले होते. त्याच आठवड्यात मोबाईलवर स्वीडनच्या एका बाईची गोष्ट हिंदीतून ऐकायला मिळाली. स्वीडन कुठं आहे ते मला नीट सांगता येणार नाही. बाई गोल्फ खेळायची. एवढासा चेंडू एवढ्या मोठ्या मैदानातून ढकलत न्यायचा आणि शेवटी बिळात घालायचा. म्हणजे खेळ आपलाच, फक्त बोर्ड मोठा. लहानपणी ती इतकी लाजाळू होती म्हणे, की जिंकल्यावर भाषण करावं लागतं म्हणून शेवटच्या बिळाशी मुद्दाम चुकायची. मोठ्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या नंबरावर येणारीलाही बोलायला लावलं. मग हरून फायदा काय? पुढं ती अशी जिंकत सुटली की कितीतरी वर्षं जगात पहिली. एकदा तर पुरुषांच्या स्पर्धेत जाऊन खेळली. आणि सगळं चांगलं चाललेलं असताना खेळ सोडून घरसंसाराला लागली.

मला वाटलं, रोग सापडला. भाकरी करताना पोरीला जवळ बसवलं आणि सगळी गोष्ट ऐकवली.

"थ्या बाईले बोलाचं भेव वाटे, तसंच तुले वाटते. एवढंच ना?"

"मले नाही वाटत भेव," ती म्हणाली.

"मंग काहून सोडली सोंगटी?"

"मी बोलली की मंग तुले बोलावतात, याडी." आमच्यात आईला याडी म्हणतात.

आमच्याकडे जिंकलेल्या पोरीचा सत्कार म्हणजे शाल, नारळ, तिचं मनोगत, आणि मग तिच्या आईला मंचावर बोलावून तिचेही दोन शब्द. गेल्या वर्षी ती पहिल्यांदा जिंकली तेव्हा माझ्याही हातात माईक आला. तांड्यावर आनंदाच्या वेळी बाई भाषण करत नाही, गाते. मीही गायले, आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, पूर्ण गाणं. हॉलमध्ये टाळ्यांचा ठेका सुरू झाला तसं मी आणखी एक कडवं घेतलं. होळीला तांड्यावर गेले तेव्हा सांगितलं, यवतमाळचे लोक माझ्या गाण्यावर टाळ्या वाजवत होते.

"पोट्टे तुही मजा घेऊन राह्यलते," पोरगी खाली बघत म्हणाली. "पाहुणे रुमालात हसत होते. वर्गात अजून मले पाहून तसं गातात."

ती चिडून बोलली असती तर मीही चार शब्द ऐकवले असते. पण ती मला जपून सांगत होती. माझे कान तापले, भाकरी करपली तरी हात पुढं होईना. मला लाज वाटली. गायल्याची वाटलीच, पण त्याहून जास्त ते वर्षभर मिरवल्याची, आणि मी मिरवत असताना ही शेजारी उभी राहून मुकाट ऐकत होती याची. स्वीडनवाल्यांनी दुसरीला बोलायला लावून पोरगी वळणावर आणली. इथं तसं केलं असतं तर आमची तिसरी आली असती.

पुढचा सामना यवतमाळलाच होता, अमरावतीला खेळायला जाणारी पोरगी निवडण्याचा. पहिलं येणंच भाग होतं, आणि अमरावतीला जायची तिला किती हौस होती ते मला माहीत होतं.

"मी येत नाही," मी म्हटलं. "तू जिंक."

"खरंच?" ती म्हणाली. तिचा चेहरा इतका खुलला की मला तिच्याकडे बघवेना. मी उगाच डबा पुसत बसले.

ती तिच्या सरांबरोबर गेली. नवरा कंपनीत पाळीवर होता. घरात जीव लागेना, म्हणून मी मागोमाग लोहाऱ्याच्या आमच्या घरून ऑटोनं निघाले आणि हॉलच्या मागच्या खिडकीशी उभी राहिले. तिनं राणी घेतली, कव्हर घेतलं, एकही सोंगटी सोडली नाही. असा हात मी तिला शिकवलेला नव्हता, तो तिचा तिनं कमावला होता. मग शाल झाली, नारळ झाला, मनोगतही ती छान बोलली, अगदी पुस्तकातल्यासारखं. माईकवाल्या सरांनी तिच्या आईला मंचावर येण्याची विनंती केली.

"आई आली नाही," पोरगी माईकमध्ये म्हणाली. "ती आजारी आहे."

तेवढ्यात तिच्या वर्गातली एक पोरगी पाण्याची बाटली भरायला माझ्याच बाजूला येऊ लागली. ती मला चांगली ओळखत होती. मी पदर तोंडावर ओढला आणि माझी पोरगी खोटी पडू नये म्हणून सायकल स्टँडच्या मागं जाऊन खाली बसले.