डावीकडची डबी

मालवणात बंदराच्या वाटेवर सुशीलाबाईंची खासगी शाळा निघाली, तेव्हा तुळसा तिथे झाडलोटीला लागली. बाई मुंबईत शिकवून आलेल्या. मुलं थोडीच घ्यायची पण नीट शिकवायची, असा त्यांचा बाणा. शाळेचं नाव झालं आणि उन्हाळ्यात प्रवेशासाठी दारात रीघ लागायला लागली, तेव्हा बाईंनी मुंबईहून बुद्धिचाचणीची पेटी मागवली. पाच-सहा वर्षांच्या पोरांना समोर बसवून त्या चित्रं दाखवत, आकडे म्हणून घेत, ठोकळे रचायला लावत.

पोरांना हाताला धरून आत नेणं आणि रडायला लागली तर उगी करणं, हे तुळसाचं काम. कोपऱ्यात उभ्या उभ्या तिने सगळे प्रश्न ऐकले. बड्या घरची पोरं पुस्तकातल्यासारखी बोलत. रापणीवर जाळं ओढणाऱ्याच्या एका पोराला बाईंनी विचारलं, "पाऊस आला तर काय करशील?" पोरगं म्हणालं, "जाळा भायर आसती तर आत घेयन." बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्या पोराला प्रवेश मिळाला नाही. उत्तर चुकलं, की बोली, की आणखी काही, हे तुळसाला कळलं नाही. पण त्या दिवसापासून ती बाईंचे प्रश्न पाठ करायला लागली.

कारण बासष्ट साली तिची हिरा त्याच खोलीत बसणार होती.

मग तिने पोरीला पढवायला घेतलं. संध्याकाळी तिसऱ्यांचे शिंपले फोडताना ती प्रश्न विचारी आणि उत्तरही आपणच सांगे. चित्रातल्या माणसाला काय नाही? कान. शेवटी बाई दोन सारख्या दिसणाऱ्या डब्या पुढे ठेवत आणि जड कुठली ते विचारत. बाई जड डबी नेहमी पोराच्या डाव्या हाताला ठेवतात, हे तुळसाने हेरलं होतं.

"डावीकडची. ध्यानात ठेव गो बाय," ती म्हणे.

तिचा नवरा बाबली जाळं विणता विणता म्हणाला, "तेका आपल्या मनान बोलांदे की." तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

चाचणीच्या दिवशी हिराला नवा झगा घातला, वेणीत अबोलीचा वळेसर माळला. खोलीचं दार उघडंच होतं, बाहेर बाकावर बाकीचे आईबाप बसलेले. हिरा पटापट उत्तरं देत होती. एकदा तर बाईंनी चित्र उलटायच्या आधीच ती "कान" म्हणाली. बाईंनी मान वर केली. मग डब्या पुढे ठेवल्या.

"डावीकडची जड आसा," हिरा म्हणाली.

"हात तरी लाव, बाळ. उचलून बघ."

"उचलूक नको, बाई. आयेन सांगल्यान."

बाकावर कोणीतरी फिदकन हसलं.  तुळसा कोपऱ्यातून पुढे झाली आणि तिने पोरीच्या थोबाडीत मारली.

"खोटं बोलते ती, बाई," ती शुद्ध भाषेत म्हणाली. "मी कशाला सांगू? तिला सवयच आहे थापा मारायची."

हिरा रडलीसुद्धा नाही. नुसती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. बाईंनी डब्या पेटीत ठेवल्या आणि पुढचं नाव पुकारलं.

तुळसाची नोकरी गेली नाही. बाई त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि ते तिला शिव्यांपेक्षा जड गेलं. हिरा सरकारी शाळेत जायला लागली. पावसाळा सरला तेव्हा तिथले दाजी मास्तर वाटेत भेटले.

"तुळसा, तुझ्या चेडवाक सगळा येता. पाटयेर बरोबर लिवता. पण इचारला की तोंडात मूग. चेडू माका म्हणाला, खरा सांगलंय तर आये मारता."

तुळसाला भर रस्त्यात मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर ती लोकांना लाजत होती, बाकावरच्या त्या हसण्याला लाजत होती. पोरीच्या मनात काय बसलंय, हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती हिराला घेऊन बाईंपुढे उभी राहिली.

"बाई, ह्या चेडू खोटा बोलाक नाय. मियाच तेका शिकयलंय, आणि मियाच खोटी बोलान तेका मारलंय."

"मला तेव्हाच कळलं होतं, तुळसा," बाई हळूच म्हणाल्या.

"तुमका कळला होता. माका तर ठावकच होता. पण हेका कोणी सांगूक नाय."

बाईंनी टेबलावरची पेटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आण तिला. दुसरं काहीतरी विचारेन."

तुळसाने मानेनेच हो म्हटलं, पण पुढच्या वर्षी पोरीला नेलं मात्र नाही. तेव्हा आईच्या पदराला धरून हिरा म्हणत होती, "चल गो आये, भूक लागली."

हिरा पुढे सातवी झाली, चांगल्या मार्कांनी झाली. वर्गात बोलायलाही लागली. पण घरी पाहुणे आले आणि कोणी तिला काही विचारलं, की उत्तर देण्याआधी ती हळूच आईच्या तोंडाकडे बघायची. आणि दर वेळी तुळसा काहीतरी आणायच्या निमित्ताने उठून आत जायची.