घाबरायचं काय त्यात

माझे भाऊजी पोहण्याच्या तलावावर शिक्षक तयार करतात. म्हणजे पोहायला नाही, पोहायला कसं शिकवायचं ते शिकवतात. मी त्याच तलावाच्या मशीनघरात असतो. पाणी गाळायचं, औषध मापून टाकायचं, तळ साफ ठेवायचा. पाणी माझं, पाण्यातली माणसं त्यांची, अशी आमची वाटणी. ताईशी लग्न झाल्यावर त्यांनीच मला इथे चिकटवलं, त्यामुळे पाण्यात राहून माशाशी वैर मी करत नाही. पण मेहुणा या नात्याने टोमणे मारायचा हक्क काही मी सोडलेला नाही.

भाऊजींचा आवाज दांडगा. ते उथळ बाजूला बोलले की खोल बाजूची माणसं वळून बघतात. त्यांच्या जिभेला विश्रांती फक्त जेवताना, तीही घास मोठा असेल तर.

म्हणून या खेपेला आलेल्या चार शिकाऊ शिक्षकांना आपल्या भाषेचा गंधही नाही हे कळल्यावर मला जरा गंमतच वाटली. इथली पोरं हल्ली या कामाला तयार होत नाहीत; दिवसभर भिजायचं आणि पगार बेताचा. मग मॅनेजरने लांबून माणसं मागवली. तीन तरुण आणि एक बाई. बाई पिवळी टोपी घालायची, म्हणून ती टोपीवाली. तिची लहान मुलगी तिकडे आजीपाशी होती आणि नोकरी पक्की झाली की तिला इकडे आणायचं होतं. हे तिने मोबाइलमधला फोटो आणि मग पायाखालची जमीन दाखवून सांगितलं. तेवढं मात्र आम्हाला सगळ्यांना एका झटक्यात कळलं.

समोरच्याला भाषा कळत नसेल तर आवाज वाढवावा, असा भाऊजींचा समज. त्या हिशेबाने पहिला आठवडा पालथ्या घड्यावर पाणी गेलं. मग नाइलाजाने त्यांनी प्रत्येक गोष्ट स्वतः करून दाखवायला सुरुवात केली आणि ती चौघं हुबेहूब तसंच करू लागली. जरा जास्तच हुबेहूब. भाऊजींची जुनी सवय आहे; काहीही करून दाखवण्याआधी चड्डी वर ओढायची, घसा खाकरायचा आणि पाण्यावर दोन थापा मारायच्या. यातलं शिकवण्यातलं काय आणि सवयीचं काय, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार? एका सकाळी मी मशीनघरातून बाहेर आलो तर चौघं कमरेएवढ्या पाण्यात ओळीने उभी. चौघांनी कमरेशी हात नेऊन कपडा वर ओढला, चौघांनी घसा खाकरला आणि पाण्यावर थापांचा पाऊस पडला. मी परत आत जाऊन पोटभर हसून आलो.

"भाऊजी, त्यांनी तुमची चड्डीसुद्धा पाठ केलीय," मी म्हणालो.

"करू दे की. शिस्त म्हणतात तिला," भाऊजी म्हणाले आणि चड्डी वर ओढली.

शब्दही ती चौघं तसेच उचलायची. भाऊजींचं एक ठेवणीतलं वाक्य आहे, "घाबरायचं काय त्यात!" नवख्याचा हात धरून त्याला पाण्यात घ्यायचं, हे वाक्य ठणकावायचं आणि हात सोडून द्यायचा. माणूस धडपडतो, पाय तळाला लागतात आणि बहुतेकांची भीती तिथेच संपते. चौघांना अर्थ कळत नव्हता, पण सूर पक्का बसला होता. टोपीवालीच्या तोंडून ते वाक्य आलं की मी भाऊजी कुठे आहेत ते बघायचो.

बहुतेकांची भीती जाते म्हटलं, त्यात आमची ताई नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी भाऊजींनी हौसेने तिला पाण्यात उतरवलं, वाक्य म्हटलं आणि हात सोडला. पाणी छातीएवढंच होतं, पण ताईला पाय टेकायचंच सुचलं नाही. नाकातोंडात पाणी गेलं. वर काढल्यावर ती तडक घरी निघून गेली. चार पाहुणे जमले की भाऊजी हा किस्सा रंगवून सांगतात आणि ताईही सगळ्यांबरोबर हसते. पण डबा घेऊन येते तेव्हा फाटकाशीच थांबते, ओल्या फरशीवर पाऊल टाकत नाही. सगळ्या गावाला पोहायला लावणाऱ्याची बायको कोरडी, हे भाऊजींना लागलेलं आहे. ती कोरडी का, हे मात्र त्यांना कधीच कळलेलं नव्हतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी परीक्षेचा दिवस आला. प्रत्येकाने पाण्याची भीती असलेल्या एका मोठ्या माणसाला मॅनेजरसमोर पाण्यात उतरवायचं आणि त्याचा चेहरा पाण्याखाली न्यायला लावायचा. भाऊजींनी काठावर उभं राहायचं, पण ब्र काढायचा नाही की खूण करायची नाही. तसं केलं तर शिकाऊ नापास, आणि नापास म्हणजे घरी परत. तिघं पार पडले. टोपीवालीसाठी ठरलेल्या गृहस्थांना ऐन वेळी सर्दी झाली. मॅनेजर म्हणाला, आज माणूस नाही मिळाला तर मी हिची जागा दुसऱ्याला देणार.

ताई नेहमीसारखी फाटकाशी डबा घेऊन उभी होती. मी तिला सगळं सांगितलं.

"तिची पोरगी तिकडे आहे ना रे?" तिने विचारलं.

"हो."

"मग माझ्या भीतीपायी तिच्या पोटावर पाय नको," ती म्हणाली आणि डबा माझ्या हातात दिला.

बायकांच्या खोलीतला जादाचा पोशाख घालून ताई बाहेर आली तेव्हा भाऊजींचं तोंड उघडंच राहिलं. पण नियम आठवून त्यांनी ते मिटलं. ताई कठडा धरून एकेक पायरी उतरली. टोपीवालीने कमरेशी हात नेला, घसा खाकरला, दोन थापा मारल्या. ताई खुदकन हसली. तिने कठड्यावरचा एक हात सोडून टोपीवालीच्या हातात दिला. दोघी चार पावलं आत गेल्या, कठडा सुटला आणि टोपीवाली नेमक्या त्याच सुरात ठणकावून म्हणाली, "घाबरायचं काय त्यात!"

ताईचं हसू गेलं. मान ताठ झाली, डोळे मोठे झाले आणि श्वास वरच्या वर राहिला. मी भाऊजींकडे बघितलं. आपलं वाक्य त्या चौघांच्या तोंडून त्यांनी रोज ऐकलं होतं, पण समोर बायकोचा चेहरा असताना ते पहिल्यांदाच ऐकत होते. पहिल्या वर्षी तिचा हात सोडला त्या दिवशी त्यांनी तिचा चेहरा बघितलाच नसणार. मला त्यांची कीव आली, आणि ती मला सहसा येत नाही.

आता पुढे काय, ते त्यांनाच ठाऊक होतं, कारण शिकवलं त्यांनीच होतं. आता हात सोडायचा. बोलावं तर टोपीवाली नापास. टोपीवालीने सवयीने काठाकडे बघितलं. भाऊजींनी आपलाच एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरला आणि छातीशी दाबून उभे राहिले. बोटं पांढरी पडली.

टोपीवालीने ते जसंच्या तसं उचललं. ताईचा हात तिने दोन्ही हातांनी धरला, आपल्या छातीशी घेतला आणि नुसती उभी राहिली. दोघी कितीतरी वेळ तशाच होत्या. मॅनेजरने घड्याळ बघितलं. शेवटी ताईचा श्वास खाली आला, तिने डोळे मिटले आणि चेहरा पाण्यात घातला. बुडबुडे आले. वर आली तेव्हाही हात धरलेलाच होता.

"तुम्ही खूण केलीत का हो?" मॅनेजरने विचारलं.

"हात गारठले होते," भाऊजी म्हणाले. मॅनेजरने टोपीवालीला पास केलं.

ताई बाहेर आली. भाऊजींनी टॉवेल पुढे केला.

"सोडायला नको होता मी तेव्हा," ते म्हणाले. इतक्या हळू की खोल बाजूला काय, शेजारी उभ्या मलाही जेमतेम ऐकू आलं.

"हे मला तेव्हाच ऐकायचं होतं," ताई म्हणाली आणि टॉवेल घेतला.

दुसऱ्या दिवशी ताई डबा न घेताच आली, थेट ओल्या फरशीवरून. भाऊजी लगबगीने चड्डी वर ओढत पाण्यात उतरायला निघाले.

"तुम्ही नको," ती म्हणाली. "मला टोपीवालीकडे शिकायचंय."

तेव्हापासून ताई शिकतेय. टोपीवालीची मुलगी आता काठावर बसून पाय हलवत असते. भाऊजी तिच्या शेजारी टॉवेल घेऊन उभे असतात आणि शिकवणी संपेपर्यंत एक शब्द बोलत नाहीत.