कोरफडीबाबत माझे निवेदन

मी, दगडू रामचंद्र शिरसाठ, वय अठ्ठ्याहत्तर, चौथी उत्तीर्ण, निवृत्त मुकादम, राहणार नाशिक, या व्हॉट्सॲप समूहावर सत्य लिहितो.

कमी पाण्यावर जगते म्हणून सूनबाई ललिताने अंगणात कोरफड लावली. ती कुजली. सुनेने निकृष्ट रोपे आणली, असे मी काल इथेच लिहिले होते.

आज तिने एक रोप उपटून माझ्या हाती दिले. मुळांचा चिखल झाला होता.

"आबा, रोज पाणी कोण घालतं?"

"मीच. सकाळी सहाला."

"हिला आठवड्यातून एकदा पुरतं. मी सांगितलं होतं ना!"

सांगितले होते. मी ऐकले नाही.

कालचे विधान मागे घेतो. दुसरी रोपे आज मी स्वतः लावली. परंतु सकाळी सहाला रिकाम्या हातांनी माणसाने काय करावे, हे जाणकारांनी कळवावे.

साक्षीदार: सूनबाई ललिता, आणि शेजारचे पवार गुरुजी, जे अजून हसत आहेत.