डाव्या खांद्यावर दोन थापा

रायपूरजवळच्या बीरगांवात एक जुनी मोटरसायकल चालवून पाहताना माझ्या डाव्या खांद्यावर मागून दोन थापा पडल्या. रविवार होता, सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. गाडीवर मी एकटा होतो. छत्तीसगड वेगळं राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती आणि दसरा जवळ आला होता.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. मी रायपूरच्या एका हिंदी दैनिकात डेस्कवर होतो. पिंपळाखाली बाई दिसली, विहिरीतून आवाज आला, अशा बातम्या गावोगावचे वार्ताहर पाठवायचे आणि त्या कापणं हे माझं काम होतं. बातमी दोघांकडून पक्की करायची, हा आमचा नियम. खाली जे लिहितो आहे त्यात जिथं दुसरा साक्षीदार आहे तिथं तसं सांगितलं आहे. जिथं नाही, तिथं नाही.

राजधानी झाल्यावर शहराची पानं वाढली आणि मला डेस्कवरून उचलून उरला-बीरगांवच्या कारखान्यांच्या बातम्यांवर टाकलं. मी राहायला शहराच्या मध्यात, तात्यापाऱ्यात. टेम्पो बदलत पोचेपर्यंत गेटवरचं आंदोलन संपलेलं असायचं. गाडी हवीच होती. नवी घेण्याची ऐपत नव्हती, आणि तिशी उलटली तरी मी सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं.

भाऊजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्यांनी, त्यांच्या गाडीवर मैदानात मला क्लच-गिअर शिकवले. ते रेल्वेत होते. जुनी गाडी बघायला तेच बरोबर यायचे.

"उंच गाडी घेऊ नको, जड घेऊ नको," ते म्हणायचे, "आणि जिचं सामान दुकानात भेटत नाही ते तं बिलकुल नको. शंभर सीसी बस झाली. तुले काय रेस लावायची आहे?"

चौबे कॉलोनीतली एक गाडी मला पसंत होती. भाऊजींनी टाकीवर बोट फिरवलं. "एवढी चमकून राहिली म्हणजे खाली काहीतरी लपवून राहिले. आपटलेली आहे." दुसरी एक सुरू केली तर निळसर धूर आला. "इंजन ऑइल पिऊन राहिलं. चाल." तिसऱ्या गाडीचं पुढचं चाक सरळ नव्हतं. मालक म्हणाला, "भैया, इतना तो चलता है." भाऊजी म्हणाले, "हव, चलता है, लेकिन तिरछा."

बीरगांवच्या गाडीची माहिती एका कारखान्याच्या टाइमकीपरने दिली. मालक बनसोड काका, मूळचे वर्ध्याकडचे, त्याच कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. कंपनीची खोली सोडायची होती. खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि शेजारी एका तरुण मुलाचा फोटो. अंगणात चादरीखाली गाडी उभी होती.

"पोराची आहे," काका म्हणाले. "मिलिंदची. अपघात-बिपघात नाही, ते आधीच सांगतो. काविळीनं गेला. वर्ष झालं."

भाऊजींनी गाडी सगळीकडून पाहिली. धूर नाही, चेन घट्ट, चाकं सरळ, आरसी मुलाच्या नावावर आणि वारस म्हणून काकांची कागदपत्रं तयार. भाऊजींनी मला हळूच मान हलवून दाखवली. त्यांच्याकडून एवढी तारीफ मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग काकांनी अडचण सांगितली. आवाज खाली आणून. मुलगी वर्ध्याला बोलावते आहे, पण काकू हलायला तयार नाहीत. गाडी आहे तिथं मी, म्हणतात. आणि गाडी विकूही देत नाहीत. दोन गिऱ्हाइकं दारातून परत गेली.

"मग गाडी वर्ध्यालेच न्या नं," भाऊजी म्हणाले.

"तिथं नेली तं तिथंही हेच. रोज चादर काढते, पुसते, चादर टाकते. जेवत नाही धड. डॉक्टर म्हणते, इथून घेऊन जा हिले." काका माझ्याकडे वळले. "तू एक फेरा मारून ये बाबू. आवडली तं मी बोलतो तिच्याशी."

"दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नको," भाऊजींनी बजावलं.

मी तलावाकडच्या रस्त्याला गेलो. डाव्या हाताला एका गोदामाची लांब भिंत होती. ती संपते तिथं एक गल्ली येऊन मिळते, हे मला माहीत नव्हतं. मी त्या रस्त्यावर पहिल्यांदाच गेलो होतो. भिंत संपायच्या जरा आधी डाव्या खांद्यावर थाप पडली. लगेच दुसरी. उघड्या पंजाची, जोराची नाही... ओळखीचा माणूस मारतो तशी. भाऊजी मागे धावत आले असावेत असं वाटून मी ब्रेक दाबला. गल्लीतून एक ट्रॅक्टर-ट्रॉली उलटी बाहेर आली. तिच्यातून लोखंडी सळया हात-दीड हात बाहेर निघालेल्या होत्या. त्या माझ्या पुढच्या चाकासमोरून गेल्या.

मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

परत आलो तेव्हा भाऊजी काकांबरोबर चहा पीत बसले होते.

"भाऊजी, तुम्ही मागं आले होते का?"

"मी? काहून?"

"खांद्यावर कोणीतरी थाप मारली. दोनदा."

काकू तोवर बाहेर आल्या नव्हत्या. आता दारात आल्या. पांढऱ्या केसांच्या, बारीक, पदर खोचलेला.

"कोण्या खांद्यावर?"

"डाव्या."

त्या उंबऱ्यावरच बसल्या. काका म्हणाले, "काही नाही, त्याचं शर्ट-बिर्ट उडलं असंल." पण काकू माझ्याशीच बोलत होत्या. मोहल्ल्यातल्या अर्ध्या पोट्ट्यांना मिलिंदनं गाडी शिकवली होती. मागं बसायचा आणि तोंडानं काहीच बोलायचा नाही. नवीन माणूस आरडाओरड्यानं घाबरते, म्हणायचा. डाव्या खांद्यावर दोनदा मारलं की गाडी हळू करायची.

"हे तुले कोणी सांगितलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू."

ते खरं होतं. भाऊजींनाही ठाऊक नव्हतं.

"मले बसव मागं," काकू म्हणाल्या. "तिथंच घेऊन चाल."

"अहो, याले आताच कुठं येऊन राहिली गाडी!" भाऊजी उठले. "हा तुमाले नालीत टाकंल!"

"टाकू दे."

काका म्हणाले, "आपण बुद्धवंदना करणारे लोक. भूतखेत आपल्यात नाही. हे काय लावलं तू?"

"भूत कोण म्हणून राहिलं?" काकू म्हणाल्या. "माझा पोट्टा आहे."

त्या एका बाजूला पाय टाकून बसल्या. मी पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्या वेगानं निघालो. भाऊजी मागून चालत होते. त्यामुळे पुढच्या भागाला साक्षीदार आहे. काकूंचे दोन्ही हात सगळा वेळ मागच्या कॅरिअरवर घट्ट होते, असं भाऊजींनी मला त्या दिवशी सांगितलं आणि आजही तेच सांगतात.

भिंत संपायच्या आधी, त्याच जागी, त्याच खांद्यावर दोन थापा पडल्या.

मी थांबलो. गल्लीत या वेळी काहीच नव्हतं.

"काकू, तुम्ही मारली?"

"नाही." मग, "लागली तुले?"

मी हो म्हणालो.

त्या उतरल्या नाहीत. मी इंजिन बंद केलं. भाऊजी येऊन उभे राहिले आणि तलावाकडे तोंड करून थांबले. काकूंच्या आणि माझ्यामध्ये वीतभर जागा होती.

"मले काहीच नाही समजलं," त्या म्हणाल्या. "मी इतक्या जवळ बसली होती." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "मले कुठं गाडी येते. मले काहून मारंल? तो तुले शिकवून राहिला."

घरी आल्यावर त्या काकांना म्हणाल्या, "देऊन टाका याले." आणि आत गेल्या. आतून रडण्याचा आवाज आला नाही. भांड्यांचा आला.

कागदांवर सह्या झाल्यावर काका मला फाटकापर्यंत सोडायला आले. भाऊजी पुढे गेले होते, त्यामुळे हे बोलणं फक्त मी ऐकलं.

"बाबू, खरं सांग. तिचं मन राखाले बोलला का? बोलला असंल तरी चालते. चांगलंच केलं."

"नाही काका. दोन्ही वेळा लागली."

त्यांनी गाडीच्या सीटवरची धूळ हातानं झटकली. धूळ नव्हती.

"मी दर रविवारी चालवतो हे," ते म्हणाले. "बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगतो तिले. तलावापर्यंत जातो, त्याच भिंतीजवळून. एकटाच. त्या गल्लीच्या मोडावर मुद्दाम जोरात जातो. मले एकदाही नाही."

गाडी काकांना येत होती. त्यांना शिकवण्यासारखं काही नव्हतं, हे मी म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही.

नंतर मी या गोष्टीचा हिशेब लावून पाहिला. दुसऱ्या वेळी मनानं आधीच तयारी केलेली होती, स्नायू उडाला, असं म्हणता येतं. पहिल्या वेळी तसं म्हणता येत नाही. खांद्यावर पिशवी नव्हती, वारा नव्हता, झाडाची फांदी नव्हती. त्या भिंतीजवळून नंतर मी कामासाठी कितीतरी वेळा गेलो, याच गाडीवर. पुन्हा थाप पडली नाही. खुलासा माझ्याकडे तेव्हा नव्हता, आजही नाही.

काका-काकू दिवाळीआधी वर्ध्याला निघाले. सामान टेम्पोनं गेलं होतं. मी त्यांना भेटायला रायपूर स्टेशनवर गाडी घेऊन गेलो. काकूंनी गाडीकडे एकदा पाहिलं आणि पाण्याची बाटली भरायला नळाकडे गेल्या. काकांनी माझ्याकडे चावी मागितली. ते एकटेच गाडी घेऊन स्टेशनसमोरच्या रस्त्याला लागले आणि गर्दीत दिसेनासे झाले. ट्रेनची घोषणा होईपर्यंत परत आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी गाडी स्टँडला लावली, चावी माझ्या हातात दिली, आणि काकूंच्या हातातली बाटली घेऊन फलाटाच्या पुलाकडे चालू लागले.

ट्रेन वेळेवर सुटली.