पुसलेली गाणी

हे मी घरी बोललेले नाही. नवऱ्याशी नाही, आईशी नाही, माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं जिला वाटतं त्या मैत्रिणीशीही नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून जीभ रेटतेय की काय, देव जाणे.

इंदूरला भंवरकुआंच्या बाजूला आमचं सर्व्हिस सेंटर आहे. एकाच कंपनीचे फोन, टॅबलेट, लॅपटॉप. खाली शोरूम, वर आम्ही रिपेअरवाले. हे घडलं तेव्हा मला तिथे सहा वर्षं झाली होती. म्हणजे नवीन होते, शिकत होते, असंही म्हणायची सोय नाही.

शलाका तिच्या वडिलांबरोबर आली होती. मल्हारगंजातली मराठी माणसं. वडील सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. मुलगी पीएच.डी. करत होती. देपालपूरकडच्या गावांत म्हाताऱ्या बायका लग्नात जी माळवी गाणी म्हणतात, ती ही मुलगी रेकॉर्ड करायची. वडील तिला स्कूटरवर घेऊन जायचे. माइक तेच धरून बसायचे — हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं, जरा लाजत, जरा मिरवत.

लॅपटॉपच्या कीबोर्डची तीन बटणं चालत नव्हती. बस, एवढंच.

"डेटा तर राहील ना, बेटा?" काकांनी विचारलं. "याची दुसरी कॉपी नाहीये. आणि त्यातल्या दोघी तर आता गेल्या पण."

"टेंशन नका घेऊ, काका," मी म्हणाले. पावतीवर लिहिलंसुद्धा — डेटाला हात लावू नये. माझ्याच अक्षरात.

आता पुढचं. इथपर्यंत मी मनातल्या मनात कितीदा तरी येते आणि परत फिरते.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर दोन लॅपटॉप होते. एकच मॉडेल, एकच चंदेरी रंग. एक शलाकाचा. दुसरा विकायला काढलेला, त्याचं सगळं पुसून द्यायचं होतं. मशीनखालचा नंबर पावतीशी जुळवून बघायचा असतो. दहा सेकंदांचं काम. मी बघितला नाही. का? घाई होती? नव्हती. मी शेजारच्या टेबलवालीशी पोह्यांवरून गप्पा मारत होते. पुसायला लावलं आणि जेवायला गेले. परत आले तेव्हा लॅपटॉप कोरा झाला होता — आणि त्याच्यावरची पावती शलाकाची होती.

या कंपनीच्या मशीनची एक गोष्ट आम्ही गिऱ्हाइकांना मोठ्या अभिमानाने सांगतो: एकदा पुसलं की कुणाला म्हणजे कुणालाच परत काढता येत नाही. त्या दुपारी मी तरीही जे जे माहीत होतं ते सगळं करून पाहिलं. लॅपटॉप खोलला. आत सगळं कोरडं, स्वच्छ.

चूक झाली — इथवर कदाचित तुम्ही मला समजून घ्याल. पण मी चूक सांगायला बसलेले नाही.

संध्याकाळी दोघं आले. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं, खरंच. तोंडातून निघालं ते असं — "काका, यात कधी पाणीबिणी गेलं होतं का?"

शलाका नाही म्हणणार होती. तिचे ओठ हललेही. पण काकांचा चेहरा उतरला. "ताक," ते म्हणाले. "मागच्या खेपेला बॅगेत डबा मीच ठेवला होता. थोडं सांडलं होतं. पण मी लगेच पुसलं होतं, बेटा... मतलब, वरून तर कोरडंच होतं."

माझ्यासमोर दोन वाटा होत्या, असं मी म्हणणार नाही. वाट एकच होती, खरं सांगायची, आणि ती मला दिसत होती. तरी मी म्हणाले, "तेच असेल. ओल आत गेली, स्टोरेज खराब झालं. सगळं नव्याने टाकावं लागलं."

रिपोर्टवरही तेच लिहिलं. सही केली.

शलाका रडली नाही. तिने वडिलांकडे एकदा बघितलं फक्त. आणि ते — आपल्या लेकीची नजर चुकवत ते मला म्हणाले, "तुमची काय चूक, तुम्ही तर खूप मेहनत घेतली." मी मान हलवली. हो, हलवली.

मला कुणी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी मी सीनियर झाले.

त्याच वर्षी काका एकटेच आले. हातात तो लॅपटॉप, जुन्या पंच्यात गुंडाळलेला. शलाकाने पीएच.डी. सोडली होती, पुण्यात बँकेत लागली होती. "फोन करते," ते म्हणाले, "तब्येत विचारते, ठेवून देते." लॅपटॉप तिने नेला नव्हता. त्यांनी तो कधी चालू केला नव्हता. नवीन काही भरलं तर खालचं जुनं कायमचं जातं, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यांना एवढंच विचारायचं होतं — आता टेक्नॉलॉजी पुढे गेली असेल, काही निघेल का?

मी म्हणाले, "अजून नाही, काका."

अजून. हा शब्द मी का वापरला? नाही निघत, कधीच निघणार नाही, एवढं तरी सांगायचं. पण तसं सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, का नाही. तेवढ्यासाठी मी त्यांना आशा लावली.

तेव्हापासून ते दरवर्षी येतात. स्कूटर सुटली, आता रिक्षाने येतात. मागच्या महिन्यात आले तेव्हा जिना चढून धाप लागली होती, बोलायला वेळ लागला. मी पाणी दिलं. लॅपटॉप हातात घेतला, उघडला, उगाच दोन मिनिटं त्याच्याकडे बघत बसले — त्यांना वाटावं की तपासतेय. मग मी तेच म्हणाले, जे दरवर्षी म्हणते.

"काही हरकत नाही," ते म्हणाले. "तुम्ही बघता तरी. बाकी कोण बघतं?" जाताना थांबून म्हणाले, "शलाकाला सांगतो मी, मॅडम अजून कोशिश करतायत."

मी त्यांचा हात धरून त्यांना खाली आणलं, रिक्षात बसवलं. रिक्षा वळून दिसेनाशी होईपर्यंत उभी होते. धावत जाऊन थांबवता आली असती. वळणाआधी सिग्नल लाल होता.

हे सगळं त्यांना सांगायचं होतं. मी तुम्हाला सांगितलं.