आईचा आणि काकूचा मोर

काकू गेली तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जास्त आई रडली.

काही वर्षं आधी गेली असती, तर आई जिना उतरून खालीसुद्धा आली नसती.

आज काकूचं वर्षश्राद्ध. सकाळपासून लिहू की नको चाललंय. लिहितेच.

काकू म्हणजे माझी धाकटी चुलती. खाली ती, वर आम्ही. माहेर मंद्रूपचं, आवाज मोठा, चिडली की निम्मं कन्नडमध्ये बोलायची. आई माढ्याची. चिडली की एकदम गप्प.

काकूच्या मुलाच्या लग्नात स्टेजवर फॅमिली फोटो झाला आणि आईला कुणी बोलावलंच नाही. आई न जेवता घरी आली.

तेव्हापासून अबोला. नळाला पाणी आलं तरी निरोप माझ्यामार्फत.

"तुझ्या काकूला सांग, पाणी आलंय."

काकूला खाली सगळं ऐकू यायचं. पण मी जाऊन सांगेपर्यंत बाई मोटर लावायची नाही!

शेवटी मीच वैतागले. सात रस्ता चौकाजवळ एक पॉटरी वर्कशॉप होतं, बिगिनर्ससाठी. मातीचं वॉल हँगिंग करायचं. आईला म्हटलं, आपण दोघीच जाऊ. काकूलाही तेच म्हटलं.

दारात दोघी समोरासमोर.

आई मला म्हणाली, "ही कशाला आलीय?"

काकू मला म्हणाली, "मी चालले घरी."

तेवढ्यात शिकवणाऱ्या मॅडमनी दोघींच्या गळ्यात ॲप्रन अडकवले. परक्या माणसांसमोर भांडायचं कसं? बसल्या. मधे मी.

टेबलाला मातीचा एकच गोळा. तो लाटायचा, गोल कापायचा, वर नक्षी चिकटवायची. काकूनं लाटणं घेतलं.

"तिला सांग, लई पातळ करू नको. चिरा पडतील."

"तुझ्या आईला सांग, भाकरी मी बी करते."

मला ऑफिसचा कॉल आला म्हणून बाहेर गेले. परत आले तर माझी खुर्ची बाजूला सरकवलेली.

आई मोर करत होती. मोराची मान सारखी खाली पडत होती आणि काकूनं खालून बोट लावलं होतं.

"धर की नीट!"

"धरलंय की अक्का! तूच केलीस एवढी लांब. मोर हाय का उंट?"

आईला हसू फुटलं. त्या धक्क्यानं मान तुटून काकूच्या मांडीवर. मग दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

हसू थांबल्यावर आई मातीकडे बघत म्हणाली, "फोटोला बोलावलं न्हाईस मला."

काकूनं मांडीवरची मान उचलून टेबलावर ठेवली.

"मला वाटलं, तू मागं उभी हायस. अल्बम आला तवा कळलं. मग कुठल्या तोंडानं वर येऊ?"

"भांडायला तरी यायचं."

"तू बी आली न्हाईस की."

मी दारातच उभी. आत जायची हिंमत होईना.

आईनं तुटलेल्या जागी सुईनं रेघोट्या मारल्या आणि म्हणाली, "हं, हितं चिखल लाव."

मान आखूड झाली. भट्टीतून भाजून आल्यावर तो मोर सरळसरळ कोंबडीसारखा दिसत होता. दोघींना मात्र त्याला कुणी कोंबडी म्हटलेलं खपायचं नाही. कुणाच्या हॉलमध्ये लावायचा यावर पुन्हा वाद, म्हणून तो जिन्याच्या वळणावर लावला.

पुढचे दिवस फार छान गेले. दुपारचा चहा कधी वर, कधी खाली. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत दोघी आम्हाला सोडून पाळण्यात बसून आल्या. तक्रारी माझ्याकडे यायच्या बंद झाल्या, कारण आता एकत्र माझ्याच तक्रारी चालायच्या.

मग काकूचं हार्टचं दुखणं निघालं.

हॉस्पिटलमध्ये आई तिच्या उशाशी. वेणी घालायची, पेज भरवायची.

"मीठ न्हाय ह्यात."

"डॉक्टरनी घालू नको म्हणलंय. गप गिळ."

सिस्टर येऊन दोघींना गप्प करायच्या.

काकू गेली तेव्हा तिचा हात आईच्या हातात होता. आई खूप रडली, पण जीव जाळणारं काही मागे उरलं नव्हतं. बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं.

आज आईनं दाण्याकुटाची शेंगापोळी केली. काकूला आवडायची तशी, तूप जास्त.

काकू, आई बरी आहे. जेवते, झोपते, मला ओरडते. तू काळजी करू नकोस.

तुला आम्हा सगळ्यांचा मनापासून नमस्कार.